राजाकडे लाकूड मागणारा माणूस

आजचे वाचन: नहेम्या २:१-८ (सोबत नहेम्या ९:३६-३७ ला बोट घालून ठेवा, तिथे यायचंय)



गेले तीन दिवस आपण नहेम्याच्या पहिल्याच अध्यायात आहोत. उपास, अश्रू, प्रार्थना. आज तो उठून कामाला लागतो. आणि त्याचं पहिलं काम काय? राजाकडे लाकूड मागणं.

या उताऱ्यातलं चौथं वचन सगळ्यांना आवडतं. राजा विचारतो, तुला हवंय तरी काय? आणि उत्तर द्यायच्या आधी नहेम्या क्षणभर मनातल्या मनात देवाशी बोलतो. त्या क्षणावर आपण भरपूर उपदेश ऐकलेत. पुढच्या चार वचनांवर मात्र कोणी फारसं बोलत नाही, कारण तिथे सगळं ऑफिसचं काम आहे. रजा किती दिवसांची ते ठरतं. नदीपलीकडच्या सुभेदारांच्या नावाने पत्रं मागितली जातात. शिवाय राजाच्या वनाचा रखवालदार आसाफ याच्या नावाने एक वेगळं पत्र, की वेशींसाठी, कोटासाठी आणि मी राहणार त्या घरासाठी तुळया दे. घरासाठीसुद्धा! म्हणजे हिशोब आधीच झालेला होता. किसलेव ते नीसान, जवळजवळ चार महिने. एवढे दिवस हा माणूस नुसता रडत नव्हता.

आता यातली अडचण बघा. हा राजा कोण? ज्या साम्राज्याच्या ताब्यात नहेम्याचे लोक आहेत, त्याचाच. मागच्या आठवड्यात आपल्या ग्रुपवर एका मैत्रिणीने विचारलं होतं (ती एका सामाजिक संस्थेत काम करते): "ज्या यंत्रणेने आपल्या लोकांना दाबून ठेवलंय, तिच्याकडूनच पैसा घेऊन देवाचं काम करता येतं का? आणि घेतला, तर तोंड बंद ठेवावं लागत नाही का?"

प्रश्न खरा आहे. त्यावर आज एका माणसाच्या आयुष्यातून बोलू या. त्यांचं नाव डॉ. मॉर्डेकाय वायट जॉन्सन. अमेरिकेतले कृष्णवर्णीय बॅप्टिस्ट पाळक आणि वॉशिंग्टनमधल्या हॉवर्ड विद्यापीठाचे ३४ वर्षं अध्यक्ष. नावाकडे लक्ष गेलं का? मॉर्डेकाय म्हणजे एस्तेरच्या पुस्तकातला आपला मर्दखय. तोही शूशनच्या राजवाड्याच्या दारातलाच माणूस.

जॉन्सन यांचा जन्म जानेवारी १८९० चा, टेनेसी राज्यातल्या पॅरिस नावाच्या छोट्या गावात. वडील गुलामगिरीत जन्मलेले. आठवड्याचे सहा दिवस गिरणीत राबायचे आणि उपदेशकही होते. आई लोकांच्या घरी काम करायची. (जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, त्यांनी कायद्याने गुलामगिरी संपवली होती हे खरंच. पण सुटलेल्या माणसाच्या घरात पुढे चूल कशी पेटत होती, ते अशा घरांकडे बघितल्यावर कळतं.) मुलगा शिकला. अटलांटाच्या बॅप्टिस्ट कॉलेजातून, म्हणजे आजच्या मोअरहाउसमधून, १९११ मध्ये पदवीधर झाला आणि तिथेच शिकवू लागला. मग शिकागो विद्यापीठाची पदवी. पुढे ईश्वरविज्ञान शिकायचं ठरवलं, तर एका सेमिनरीने वर्ण बघून दार लावून घेतलं. रॉचेस्टरच्या सेमिनरीने घेतलं. तिथे वॉल्टर राउशनबुश शिकवायचे. माणसाच्या मनात पाप असतं तसंच ते कारखान्यात, घरभाड्यात आणि कायद्यातही जाऊन बसतं, आणि सुवार्ता तिथपर्यंतही पोचली पाहिजे, असं त्यांचं शिकवणं. जॉन्सन यांच्या पुढच्या आयुष्यात हा धडा जागोजागी दिसतो.

१९१७ पासून नऊ वर्षं ते वेस्ट व्हर्जिनियातल्या चार्ल्सटन शहरात फर्स्ट बॅप्टिस्ट मंडळीचे पाळक होते. उपदेश तर केलेच, पण मंडळीच्या लोकांसाठी सहकारी तत्त्वावर किराणा दुकानही काढलं, आणि कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी संघटनेची शाखा सुरू केली. मला हे किराणा दुकान फार आवडतं. डाळ-तांदळाचा भाव हासुद्धा पाळकाचा विषय असतो, हे त्यांना कोणी समजावून सांगावं लागलं नाही.

मधे एक वर्ष ते हार्वर्डला होते. १९२२ च्या पदवीदान समारंभात त्यांनी तिथे भाषण केलं. विषय होता अमेरिकन निग्रो माणसाची श्रद्धा (तेव्हा हाच शब्द चालत असे). भाषणाचा गाभा साधारण असा: गुलामगिरीतून सुटल्यावर आमच्या लोकांनी देवावर विश्वास ठेवला आणि या देशावरही ठेवला. महायुद्धात आमची पोरं लढून आली. परत आल्यावर काय मिळालं? झुंडींनी केलेले खून आणि दंगली. आता आमच्यातल्या कित्येकांची श्रद्धा डळमळते आहे, आणि याला जबाबदार कोण याचा विचार तुम्ही करा. हार्वर्डच्या त्या गोऱ्या, सुखवस्तू समुदायासमोर हे बोलणं सोपं नव्हतं. त्यांनी शिवीगाळ केली नाही, आणि सौम्य करूनही सांगितलं नाही.

चारच वर्षांनी हॉवर्डचं बोलावणं आलं.

हॉवर्डची अवस्था तेव्हा नाजूक होती. १८६७ मध्ये, यादवी युद्ध संपल्यावर दोन वर्षांनी, हे विद्यापीठ सुरू झालं. जवळजवळ सगळे विद्यार्थी कृष्णवर्णीय. पण अध्यक्ष? जॉन मर्सर लँगस्टन यांनी १८७० च्या दशकात काही काळ हंगामी कारभार पाहिला, तेवढा सोडला तर कायमचा प्रत्येक अध्यक्ष गोरा. १९२५ मध्ये विद्यार्थ्यांनी संप केला. त्याच वर्षी तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक अ‍ॅलन लॉक यांच्यासारख्या माणसाला नोकरीवरून काढलं गेलं. लॉक म्हणजे ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय. मग अध्यक्ष बदलायची वेळ आली. विश्वस्तांनी आधी एका कृष्णवर्णीय बिशपांना निवडलं, त्यांनी नकार दिला. जून १९२६ मध्ये निवड झाली ती ३६ वर्षांच्या जॉन्सन यांची. लॉक १९२८ मध्ये परत आले.

आता आसाफाच्या वनाकडे येऊ.

हॉवर्डला अमेरिकन काँग्रेसकडून, म्हणजे तिथल्या संसदेकडून, १८७९ पासून दरवर्षी मदत मिळायची. पण त्या मदतीला पक्का कायदेशीर आधार नव्हता. बजेट सभागृहात आलं की कोणीही एक सदस्य उभा राहून नियमाचा मुद्दा काढू शकत होता, की या खर्चाला कायद्याची मंजुरी नाही. झालं, रक्कम उडायची वेळ यायची. आणि सभागृहात बसलेले कोण? त्यांतले कित्येक दक्षिणेतल्या राज्यांतून निवडून आलेले. त्यांच्या राज्यांत कृष्णवर्णीयांना मत द्यायची सोय नव्हती आणि त्यांची मुलं गोऱ्यांच्या शाळेत बसू शकत नव्हती. या लोकांसमोर दरवर्षी हात पुढे करायचा. कल्पना करा.

जॉन्सन यांनी काय केलं? मदत नाकारून बाणेदारपणा दाखवला नाही. गोड बोलून यंदाची रक्कम तेवढी पदरात पाडून घेतली, असंही नाही. त्यांनी कायदाच मागितला. मिशिगनचे सदस्य लुई क्रॅमटन यांनी सभागृहात हा विषय लावून धरला, आणि १३ डिसेंबर १९२८ रोजी हॉवर्डला दरवर्षी सरकारी निधी द्यायला मंजुरी देणारा कायदा झाला. नियमाच्या मुद्द्याचं हत्यार बोथट झालं. या कामासाठी एनएएसीपीने १९२९ चं स्पिंगार्न पदक जॉन्सन यांना दिलं.

नहेम्याने पत्रं का मागितली, याचं उत्तर मला इथे सापडतं. राजा तोंडाने "हो" म्हणाला होताच की. पण शूशनपासून यरुशलेम खूप लांब, आणि वाटेत सुभेदार बसलेले. राजाचा आजचा मूड उद्या टिकेल याची खात्री काय? म्हणून लिहून घ्या, शिक्का घ्या. कागद मागितला म्हणजे विश्वास कमी पडला, असं आपल्याकडे उगाच समजतात. आठव्या वचनात नहेम्या स्पष्ट सांगतो की राजाने दिलं ते माझ्या देवाचा वरदहस्त माझ्यावर होता म्हणून. देवाचा हात आणि राजाचा कागद, दोन्ही एकाच वचनात आहेत.

त्या निधीतून इमारती उभ्या राहिल्या. घड्याळाच्या मनोऱ्याचं फाउंडर्स ग्रंथालय १९३९ चं, आजही हॉवर्डचा फोटो म्हटला की तेच दिसतं. पण विटांपेक्षा मोठी गोष्ट घडली ती लॉ स्कूलमध्ये, आणि तिथे थोडं थांबायला हवं.

हॉवर्डचं लॉ स्कूल तेव्हा संध्याकाळी भरायचं. विद्यार्थी दिवसा नोकरी करायचे (बरेचसे सरकारी कचेऱ्यांत कारकून), रात्री शिकायचे. शिकवणारेही दिवसा आपापली वकिली सांभाळून यायचे. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लुई ब्रँडाइस यांनी आपल्याला एकदा स्पष्ट ऐकवलं, असं जॉन्सन सांगत. मुद्दा हा, की तुमच्या लोकांचे खटले आमच्यासमोर येतात तेव्हा कागदपत्रं वाचूनच तयारी कच्ची असल्याचं कळतं. पूर्ण वेळ शिकवणारे प्राध्यापक आणा आणि दिवसाचं कॉलेज करा. दुसरा कोणी असता तर अपमान वाटून घेतला असता. जॉन्सन यांनी चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन यांना आणलं. हार्वर्डमधून कायदा शिकलेला, बुद्धिमान आणि शिस्तीला कडक माणूस. १९२९ मध्ये लॉ स्कूलची सूत्रं त्यांच्याकडे आली. रात्रीचे वर्ग बंद झाले, आणि १९३१ मध्ये अमेरिकन बार असोसिएशनची मान्यता मिळाली.

रात्रीचे वर्ग बंद करणं ही साधी गोष्ट नव्हती. माजी विद्यार्थी चिडले, आणि त्यांच्या चिडण्यात तथ्य होतं. नोकरी सोडून शिकणं कोणाला परवडतं? गरिबाच्या मुलाला वकील व्हायची जी एक वाट होती तीच तुम्ही बुजवताय, असं ते म्हणत. तुमच्यापैकी जे दिवसा नोकरी करून रात्री शिकतात, त्यांना हे लगेच कळेल. मलाही या निर्णयाचं सरसकट कौतुक करवत नाही. ज्यांची वाट बंद झाली त्यांची नावं कुठल्या इतिहासात नाहीत.

पण त्याच काळात, १९३० साली, बाल्टिमोरचा एक तरुण तिथे दाखल झाला. घराजवळच्या मेरीलँड विद्यापीठाचं लॉ स्कूल कृष्णवर्णीयांना घेत नव्हतं, म्हणून तो रोज बाल्टिमोरहून वॉशिंग्टनला येऊन-जाऊन शिकला आणि १९३३ मध्ये वर्गात पहिला आला. थरगुड मार्शल त्याचं नाव. पुढच्या दोन-तीन वर्षांत मार्शल आणि त्यांचे गुरू ह्यूस्टन यांनी मिळून त्याच मेरीलँड विद्यापीठाविरुद्ध खटला लढवला आणि ते दार उघडायला लावलं. १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ब्राउन खटल्यात सरकारी शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला, तेव्हा बाजू मांडणाऱ्यांत मार्शल आघाडीवर होते. ह्यूस्टन यांना तो दिवस बघायला मिळाला नाही, ते १९५० मध्येच गेले.

म्हणजे बघा, हॉवर्डला निधी देणाऱ्या सभागृहात शाळा वेगळ्या ठेवणाऱ्या राज्यांचे प्रतिनिधी बसले होते. त्याच पैशावर चालणाऱ्या विद्यापीठात ते वेगळेपण कायद्याने मोडणारे वकील तयार झाले. आसाफाने तुळया मोजून दिल्या, तेव्हा त्या कुठे बसणार आहेत हे त्याला तरी कुठे ठाऊक होतं!

आता मैत्रिणीच्या प्रश्नाचा दुसरा भाग: पैसा घेतल्यावर तोंडाचं काय?

जॉन्सन हे बोलणारे गृहस्थ होते. हातात कागद नाही, तास-तास भाषण. १९३३ मध्ये पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे बोलताना त्यांनी रशियाचा विषय काढला. सोव्हिएत राजवटीतल्या चुका काही असोत, गरिबी संपवायचा प्रयत्न तिथे होतो आहे आणि तो ख्रिस्ती माणसाने गंभीरपणे घ्यावा, अशा अर्थाचं ते बोलले. ते कम्युनिस्ट नव्हते, पण वॉशिंग्टनमध्ये आरडाओरडा व्हायला तेवढं पुरलं. १९३५ मध्ये हॉवर्डच्या कॅम्पसवर कृष्णवर्णीयांच्या आर्थिक स्थितीवर परिषद झाली. सरकारी योजनांचा फायदा आमच्या लोकांपर्यंत कसा पोचत नाही, हे तिथे उघड मांडलं गेलं, आणि बोलणाऱ्यांत डावेही होते. लगेच चौकशीची मागणी झाली. सरकारचं खाऊन सरकारविरुद्ध बोलता? यांना काढा, निधी थांबवा.

जॉन्सन यांनी माफी मागितली नाही. पुढच्या वर्षी बजेटच्या वेळी पुन्हा जाऊन पैसे मागायलाही ते लाजले नाहीत. मला वाटतं इथेच आपली गाडी अडते. आपल्यातले काही बोलतात आणि मग मागायला संकोचतात. बाकीचे मागतात आणि मग बोलायला संकोचतात.

नहेम्यावरही हाच आरोप झाला होता, लक्षात आलं का? २:१९ मध्ये सन्बल्लट, तोबीया आणि गेशेम हसून विचारतात, तुम्ही राजाविरुद्ध बंड करताय की काय? ६:६-७ मध्ये तर उघडं पत्रच येतं, की तू यहूद्यांचा राजा व्हायला बघतोयस. उघडं पत्र, म्हणजे वाटेत सगळ्यांनी वाचावं असं. आजच्या भाषेत स्क्रीनशॉट व्हायरल केला. नहेम्याचं उत्तर छोटं आहे: असलं काही नाही, हे तू तुझ्या मनातून काढलंस. आणि परत कामावर.

आता बोट घालून ठेवलेलं पान उघडा. नहेम्या ९:३६-३७. कोट बांधून झालाय, वेशी बसल्यात, सण साजरा झालाय. सगळे लोक एकत्र येऊन लांब प्रार्थना करतात, आणि तिचा शेवट कसा होतो? ते देवाला सांगतात की आज आम्ही गुलाम आहोत. जो देश तू आमच्या पूर्वजांना दिलास त्यातच आम्ही गुलाम आहोत, त्याचं पीक आमच्यावर बसवलेल्या राजांना जातं, आमच्या शरीरांवर आणि गुराढोरांवर ते मन मानेल तसा अधिकार चालवतात, आणि आम्ही मोठ्या संकटात आहोत.

ही प्रार्थना करणारे लोक कोणत्या कोटाच्या आत उभे आहेत? राजाच्या लाकडाच्या वेशी ज्याला बसल्या, त्याच. राजाचे आभार मानून त्यांनी गप्प राहायचं ठरवलं नाही. शिवाय ५:४ वाचा. राजाचा कर भरायला या लोकांनी शेतं आणि मळे गहाण ठेवून कर्ज काढलं होतं. राजाचं ऐश्वर्य कोणाच्या घामावर उभं होतं, ते त्या एका वचनात आहे. आसाफाकडून आलेलं लाकूड ही भीक नव्हतीच. जे आधी लोकांकडून गेलं होतं त्यातलं थोडं परत आलं, एवढंच.

जॉन्सन यांच्या बाबतीतही हेच खरं आहे. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी अडीचशे वर्षं बिनपगारी राबून त्या देशाची शेतं उभी केली, ज्यांच्याकडून कर घेतला जात होता पण मत घेतलं जात नव्हतं, त्यांच्या मुलांसाठी ते पैसे मागत होते. म्हणून आवाजात लाचारी नव्हती. त्या मैत्रिणीला मी एका शब्दात "घे" किंवा "घेऊ नकोस" सांगू शकत नाही, कारण प्रत्येक राजाची अट वेगळी असते. पण पत्रात काय लिहून मागायचं हे आधी ठरव, आणि नवव्या अध्यायातली प्रार्थना म्हणायची मुभा त्या पत्रात विकली जात नाही ना, तेवढं तपासून बघ. विकली जात असेल तर ते लाकूड महाग पडेल.

एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. जॉन्सन यांच्याबरोबर काम करणं कठीण होतं. हॉवर्डमधलेच कितीतरी लोक त्यांना हुकूमशहा म्हणायचे, आणि हे स्वतःला मसीहा समजतात असा टोमणाही चालायचा. अर्नेस्ट जस्ट हे पेशींवर काम करणारे जगप्रसिद्ध जीवशास्त्रज्ञ हॉवर्डमध्ये होते. त्यांचं आणि अध्यक्षांचं जमलं नाही. संशोधनासाठी जस्ट युरोपातच जास्त रमले आणि १९४१ मध्ये वारले. सगळा दोष जॉन्सन यांचाच असं नाही, पण त्यांचा वाटा होता. ते विरोधकांशी जसे वागत तसेच कधीकधी आपल्याच माणसांशी वागत.

आणि नहेम्या? १३:२५ उघडा. नियम मोडणाऱ्यांना त्याने शाप दिले, काहींना मारलं आणि त्यांचे केस उपटले. खरंच लिहिलंय तिथे! तेराव्या अध्यायावर युथ मीटिंगमध्ये बोलायची वेळ आली की सगळे एकमेकांकडे बघतात. बायबल आपल्या नायकांचे फोटो फिल्टर लावून देत नाही, म्हणून आपणही जॉन्सन यांचा देऊ नये. भिंत बांधायला लागणारा हट्ट घरातल्यांवरही चालतो, हे दोघांच्याही आयुष्यात दिसतं. नहेम्याचं पुस्तक संपतं ते "देवा, माझी आठवण ठेव" या विनवणीवर. सगळं बरोबर केल्याची खात्री असलेला माणूस अशी वारंवार विनवणी करत नाही, असं मला वाटतं.

आपल्या मातीशी जोडलेला एक धागा यात आहे, तोही सांगते. जॉन्सन यांनी हॉवर्डमध्ये माणसं जमवली त्यांत हॉवर्ड थर्मन आणि बेंजामिन मेज होते. थर्मन विद्यापीठाच्या चॅपलचे प्रमुख, मेज धर्मशिक्षण विभागाचे. थर्मन १९३६ च्या फेब्रुवारीत बारडोलीला गांधीजींना भेटले. मेज त्याच वर्षाअखेरीच्या दौऱ्यात आपल्या वर्ध्याला येऊन त्यांना भेटले, आणि अहिंसेबद्दल चांगले दीडेक तास प्रश्न विचारत बसले. याच दौऱ्यात म्हैसूरजवळच्या एका गावात, अस्पृश्य मानलेल्या मुलांच्या शाळेत, मुख्याध्यापकांनी मेज यांची ओळख करून दिली ती अमेरिकेतला अस्पृश्य अशी. मेज यांना आधी धक्का बसला, रागही आला. मग विचार केल्यावर त्यांना ते पटलं. मेज यांनी ही आठवण स्वतःच लिहून ठेवली आहे. आपल्या मंडळ्यांमध्ये आजही कोणाची ओळख कशी करून दिली जाते, हा विषय मी मुद्दाम आज उघडत नाही, पण तो आहे.

पुढे जॉन्सन स्वतः भारतात येऊन गेले. परतल्यावर १९५० च्या सुमारास एका रविवारी फिलाडेल्फियाच्या फेलोशिप हाउसमध्ये त्यांनी गांधीजींवर उपदेश दिला. ऐकणाऱ्यांत जवळच्या क्रोझर सेमिनरीतला विशीतला एक विद्यार्थी होता. तो इतका हलून गेला, की बाहेर पडून त्याने गांधीजींवरची पाच-सहा पुस्तकं विकत घेतली. तो मार्टिन ल्यूथर किंग. पाच-सहा वर्षांत माँटगोमेरीचा बस बहिष्कार झाला. जॉन्सन यांच्या हजारो भाषणांतलं हे एक. कोणत्या रविवारी कोण ऐकायला बसलंय, हे उपदेशकाला कळत नाही.

जॉन्सन १९६० मध्ये निवृत्त झाले. ते आले तेव्हा हॉवर्डमध्ये सुमारे १,७०० विद्यार्थी आणि ७ लाख डॉलरचं बजेट होतं. गेले तेव्हा ६,००० च्या आसपास विद्यार्थी आणि ८० लाख डॉलर. त्यानंतरही घरी बसले नाहीत, वॉशिंग्टनच्या शिक्षण मंडळावर काही वर्षं काम केलं. १० सप्टेंबर १९७६ रोजी, ८६ व्या वर्षी ते प्रभूकडे गेले.

आज रात्री झोपण्याआधी २:१-८ पुन्हा एकदा वाचा, आणि वहीत दोन गोष्टी लिहा: तुमचा आसाफ कोण, आणि त्याला लिहायच्या पत्रात नक्की कोणकोणत्या तुळया मागायच्या आहेत. आकड्यासकट लिहा. "प्रभू, तुझी इच्छा" एवढंच लिहून वही मिटू नका. नहेम्याने स्वतःच्या घराचं छप्परसुद्धा मोजलं होतं.

उद्या तिसरा अध्याय. नावांची लांबच लांब यादी आहे, बहुतेक जण वगळतात, तुम्ही वगळू नका. आठव्या वचनात सोनार आणि सुगंधी तेलं बनवणारा माणूस कोट दुरुस्त करताना भेटतील, आणि बाराव्यात शल्लूमच्या मुली.

प्रभूची शांती तुमच्यासोबत असो.